सात फुटी, मधाच्या रंगाची

ऑर्डेलच्या दुकानात, गल्ल्याशेजारी,
दुधाच्या बिलामागे पेन्सिलीनं लिहिलेली यादी आहे.
अकरा नावं. माझं सातवं.
पहिलं खोडून पुन्हा लिहिलेलं,
कारण बर्नीसच्या नवऱ्याला आधी परवडत नव्हती,
मग त्यानं सिगारेट सोडली.

काठी फायबरग्लासची, तीन तुकड्यांत,
एकशे दहा डॉलर.
आधी म्हणाले नाताळच्या आत. मग फेब्रुवारी.
आता पत्र आलंय, रंग नीट बसत नाहीये,
मधासारखा हवा, मोहरीसारखा येतोय.
ऑर्डेल म्हणतो, मोहरी चालेल.
आम्ही म्हणतो, मोहरी चालेल.
कारखान्याला चालत नाही.

मी चीजच्या फॅक्टरीत रात्रपाळी करते.
पहाटे चारला टाक्या धुताना
रबरी नळी धरलेला हात आपोआप मागे जातो,
क्षणभर थांबतो,
पुढे येतो.
मार्लिस विचारते, कुणाला आशीर्वाद देतेस?

कार्बनची मी एकदा हातात धरलीय.
नऊशे डॉलरची, मिनीआपोलिसहून आलेल्या
दातांच्या डॉक्टरची.
समोरच्याचं वाक्य संपायच्या आत
उत्तर देणाऱ्या माणसासारखी.
आमच्या ओढ्यावर तिचं काय काम?
इथे पाणी दोन ढांगांत ओलांडता येतं,
काठावर गाई, डोक्यावर विलोच्या फांद्या,
आणि ट्राउट वीतभर.
वीतभर माशासाठीसुद्धा
काठी मुठीपर्यंत वाकली पाहिजे,
म्हणजे सुटून जाताना त्यालाही वाटतं
आपण कुणीतरी होतो.

बाबांची होती तशी. पिवळी.
अडुसष्ट साली, बारा डॉलर, महिन्याला एक.
ती मी ट्रकच्या दारात चिरडली, नोव्हेंबरात.
फार आवाज झाला नाही,
भाजलेला पाव मोडावा तेवढाच.
बाबा काठीला सॉरी म्हणाले. मला काही नाही.
आता ब्याऐंशीचे, वृद्धाश्रमात,
दर रविवारी विचारतात, आली का?
कितीला म्हणालीस?
लुटतात, म्हणतात. मग जरा वेळानं,
माझं नाव घातलंस ना?
घातलंय. आठवं.

गुरुवारी नमुन्याची एक आली.
एकच, एका दिवसापुरती,
उद्या पुढच्या गावच्या दुकानाला पाठवायची.
दुकानामागच्या गल्लीत, गुडघाभर बर्फात
आम्ही नऊजण उभे,
दोराच्या टोकाला माशीऐवजी लाल लोकर.
यादीतलं शेवटचं नाव न्हिया लोर, वय चौदा.
त्याची आई शनिवारच्या बाजारात पातीचा कांदा विकते,
त्याच्याकडे कॉफीच्या डब्यात एकसष्ट डॉलर.
कुणीतरी म्हणालं, पहिला त्याला दे.

त्यानं घाई केली. लोकर त्याच्याच टोपीला अडकली.
पुन्हा. दोर ढीग होऊन पडला.
थांब, ऑर्डेल म्हणाला, मागे गेला की थांब.
ही सावकाश आहे. तिचं होऊ दे.
किती थांबू?
कुणालाच सांगता येईना.
चार महिने थांबून तरबेज झालेले आम्ही
आणि कुणालाच सांगता येईना.
शेवटी बर्नीसचा नवरा म्हणाला,
एक सिगारेट न ओढण्याइतकं.

मग दोर मागे सरळ झाला,
काठी मुठीपर्यंत गेली, ऊन तिच्यातून आरपार,
आणि लाल लोकर
कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर
जाऊन बसली.

माझी पाळी येईतो उजेड उतरला होता.
मी डाव्या हातानं बाबांना फोन लावला,
खांद्याशी धरला, आणि फेकलं.
काही ऐकू येत नाही, बाबा म्हणाले.
फेकतेयस का?
हो. आता. पुन्हा आता.
काहीच ऐकू येत नाही.
मग खोकले, आणि म्हणाले, चांगली आहे.

ऑर्डेलनं तिला नळकांड्यात घालून वर पत्ता लिहिला.
काठी अजून बाजारात नाही
आणि माझ्या भिंतीत जानेवारीपासून दोन खिळे.
एकावर कोट टांगते.